ओट्सचे पोहे, वरीचे तांदूळ आणि माझे वाया गेलेले तीन महिने

मागच्या पोस्टवर दोघा-तिघांनी विचारलं होतं की, वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून इतिहासाचे कागद कशाला चाळतेस? त्याचं उत्तर देण्यासाठी ही पोस्ट. सुरुवात आंजर्ल्याच्या माझ्या आजीच्या ओट्सच्या डब्यापासून करते.

आंजर्लं हे माझं आजोळ. दापोली तालुक्यात, जोग नदीच्या खाडीच्या तोंडाशी. वर कड्यावरचा गणपती, खाली नारळी-पोफळीच्या वाड्या, समोर हर्णैचा सुवर्णदुर्ग. आजीची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी सकाळच्या पोह्यांऐवजी ओट्स खायला सांगितले. मामाने दापोलीहून दोन पुड्या आणल्या. एकीवर ‘रोल्ड’ लिहिलेलं, दुसरीवर ‘स्टील कट’. आजीने दोन्ही ताटलीत ओतले, चष्मा लावून निवडल्यासारखे केले आणि म्हणाली, "अगो, हे पोहे आहेत आणि ही कणी आहे. धान्य एकच दिसतंय."

ओट्सचे प्रकार समजावून सांगणारे बरेच लेख मी वाचलेत, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही. कोकणात भात पिकवणाऱ्या माणसाला हे कोष्टक मुळात पाठच असतं. भात सडला की तांदूळ, तसा ओट सडला की जे मिळतं ते ‘ग्रोट्स’, म्हणजे ओटाचे तांदूळ. तेच पात्याने दोन-तीन तुकड्यांत कापले की स्टील कट, म्हणजे कणी. वाफवून रुळांमधून चेपले की रोल्ड, म्हणजे पोहे. आणखी पातळ चेपले, आधी जास्त शिजवले की इन्स्टंट, म्हणजे आपले पातळ पोहे. दळलं की पीठ. वापरही त्याच क्रमाने ठरतो. कणीला अर्धा तास लागतो आणि ती दाताखाली दाणेदार राहते, म्हणून तिचा मऊभातासारखा किंवा खिचडीसारखा पदार्थ बरा होतो. जाड पोहे पाच-सात मिनिटांत शिजतात, उपम्याला चालतात. पातळ पोह्यांवर गरम दूध ओतलं की लगदा. साखरेच्या दृष्टीनेही फरक पडतो. दाणा जितका मोडलेला आणि आधी शिजवलेला, तितका त्यातला स्टार्च पोटात लवकर सुटतो. स्टील कटचा ग्लायसेमिक इंडेक्स ५५ च्या आसपास आणि इन्स्टंटचा ८० च्या आसपास मोजला गेलाय. धान्य तेच, फक्त गिरणीतला प्रवास वेगळा.

मग आजीने दुसरा प्रश्न टाकला. "म्हणजे ही आपली वरीच ना? इंग्रजांची वरी?"

मी त्या वेळी पीएचडीच्या पहिल्या वर्षात होते आणि माझा विषयच कोकणातली बारीक तृणधान्यं हा. साहजिकच मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "नाही गं आजी. ओट म्हणजे अवेना सटायवा आणि वरी म्हणजे पॅनिकम सुमात्रेन्स." पहिला भाग बरोबर होता. दुसऱ्या भागाने माझे तीन महिने खाल्ले.

ते सांगण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण चूक समजायला इतिहास लागतो.

आंजर्ल्याची जमीन तीन पातळ्यांवर आहे असं समजा. समुद्राजवळ वाड्या आणि आगर, मधल्या सखल भागात भाताची खाचरं आणि वर डोंगरउतार व जांभ्याचा सडा. ह्या वरच्या जमिनीला ‘वरकस’ म्हणतात. तिथे पाणी ठरत नाही, माती हातभर सुद्धा खोल नसते. भात तिथे होत नाही. तिथे व्हायची नाचणी, वरी आणि हरीक. पद्धत साधारण अशी: झाडांचे टाळे तोडून, पालापाचोळा पसरून राब भाजायचा, त्यात नाचणीचा तरवा करायचा, पाऊस लागला की उतारावर लावणी. पहिल्या वर्षी जमिनीत कस असतो म्हणून नाचणी, पुढच्या वर्षी वरी, मग हरीक किंवा तीळ-कारळा, आणि नंतर काही वर्षं जमीन पड टाकायची. म्हणजे एकाच उतारावर, वर्षागणिक कस उतरत जाईल तसं धान्यही बदलत जायचं. हरीक हे त्या शिडीचं शेवटचं पाऊल.

१८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड निघाला, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली तयार झालेली ही मालिका. संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जिल्ह्याचा खंड एकदा तरी सलग वाचावा, निदान शेतीचं आणि जमीनधाऱ्याचं प्रकरण. भातापाठोपाठ ही तिन्ही धान्यं त्यात भेटतात, लॅटिन नावांसकट. ती कागदावर येण्याचं कारण त्यांची पौष्टिकता नव्हती. कारण महसूल. रत्नागिरी हा खोतीचा जिल्हा. खोत कुळाकडून धान्यात हिस्सा घ्यायचा: भाताचा साधारण अर्धा, म्हणजे ‘अर्धेल’, आणि वरकस पिकाचा तिसरा, म्हणजे ‘तिर्धेल’. त्यामुळे डोंगरावर कुणी किती वरी पिकवली ह्याची दखल घेतली जायची. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ मध्ये. ह्या सगळ्या भांडणाच्या तळाशी जी धान्यं होती, त्यांतलं एक आज आपण एकादशीला खातो.

इथे जरा थांबते, कारण हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. एकाच गावात वरीचे दोन अर्थ होते. वाडीतल्या, भाताची खाचरं असलेल्या घरात वरीचे तांदूळ म्हणजे उपासाचा पदार्थ, शेंगदाण्याच्या आमटीबरोबर खायचा. उपासाला ती का चालते ह्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की, नांगरलेल्या जमिनीतलं नाही ते चालतं. आणि डोंगराच्या अंगाला राहणाऱ्या घरात तीच वरी म्हणजे पावसाळ्यातला रोजचा भात. भाताचा भात खोताकडे आणि सावकाराकडे गेल्यावर उरलेला. एकाचा उपास तो दुसऱ्याचा रोजचा घास होता, आणि हे वाक्य मी शोभेसाठी लिहीत नाहीये. माझ्या प्रश्नावलीत ‘तुमच्याकडे वरी खायचे का?’ असा प्रश्न होता आणि दोन्ही प्रकारच्या घरांनी ‘हो’ म्हटलं होतं. मी दोन्ही ‘हो’ एकाच रकान्यात भरले. प्रश्नावली करताय? मग ‘खायचे का’ नको, ‘कधी, किती आणि दुसरं काय नव्हतं म्हणून’ असं विचारा.

ओटाची कहाणीही अशीच आहे, म्हणून आजीचा ‘इंग्रजांची वरी’ हा शब्द मला नंतर खूप आवडला. ओट हे मूळचं मानाचं पीक नव्हे. गहू-जवाच्या शेतात तण म्हणून ते घुसलं, आणि युरोपच्या थंड, ओल्या, निकस जमिनीत जिथे गहू मागे पडला तिथे हे तण टिकलं. मग लोकांनी त्यालाच पीक मानलं. ह्याला दुय्यम पीक म्हणतात. आपल्या हरकाबद्दलही असंच मांडलं जातं: भातखाचरातलं तण, हळूहळू स्वतःच पीक झालेलं. ओटाची पायरी किती खालची होती पाहा. १७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने ओटाची व्याख्या करताना इंग्लंडातले घोडे आणि स्कॉटलंडमधली माणसं एकाच वाक्यात बसवली होती. भारतात इंग्रजांनी ओट लावला तोही मुख्यतः उत्तरेत, थंडीच्या हंगामात आणि घोड्यांच्या चाऱ्यासाठी. आजही आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांत ओट हे प्रामुख्याने चारापीक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले हरिता’ ही ओटाची जात चाऱ्यासाठीच आहे. दापोली १८१८ नंतर काही दशकं इंग्रजांची लष्करी छावणी होती (‘काप दापोली’ मधला काप म्हणजे कॅम्प), पण दमट कोकणाच्या शेतीत ओटाला जागा नव्हती. इथल्या घोड्या-बैलांसाठी कुळीथ होता. ज्याचं इंग्रजी नावच घोड्यावरून पडलंय आणि ज्याचं पिठलं मी आठवड्यातून दोनदा खाते.

घोड्याच्या तोबऱ्यातून ओट नाश्त्याच्या वाटीत कसा आला? दोन गोष्टी घडल्या. एक यंत्राची. ओटात चरबी बरीच असते, सहा-सात टक्के, आणि दाण्यातच ती फोडणारं लायपेज नावाचं विकर असतं. टरफल काढून दाणा दुखावला की विकर कामाला लागतं आणि ओट खवट होतो. म्हणून सडलेल्या ओटाला आधी वाफ-उष्णता देऊन ते विकर मारावं लागतं. वाफवलेला दाणा मऊ होतो, मग तो चेपताही येतो. म्हणजे पोहे हा टिकवण्याच्या खटपटीला जोडून आलेला आकार. दुसरी गोष्ट नावाची. १८७७ मध्ये अमेरिकेत ‘क्वेकर’ हा शिक्का नाश्त्याच्या धान्यासाठी नोंदवला गेला, आणि सुट्या पोत्यातलं धान्य छापील खोक्यात गेलं. १९९७ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ओटातल्या बीटा-ग्लुकॅनबद्दल हृदयाच्या आरोग्याचा दावा पुडक्यावर छापायची परवानगी दिली, दिवसाला ३ ग्रॅम ह्या हिशेबाने. आजीच्या डॉक्टरांच्या सल्ल्यामागे ही सगळी साखळी आहे. बीटा-ग्लुकॅनचं काम खरं आहे, त्यात काही फसवणूक नाही. फक्त वरी-नाचणीच्या वाट्याला असं खोकं आणि असा शिक्का फार उशिरा आला: २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यांना ‘पौष्टिक तृणधान्य’ म्हणून अधिसूचित केलं आणि २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं. तोवर आंजर्ल्याच्या उतारावर वरी उरली नव्हती.

खवटपणाचा मुद्दा इतिहास वाचायलाही कामी येतो. नाचणीत चरबी जेमतेम दीड टक्का, दाणा मोहरीएवढा, त्यामुळे ती कणगीत वर्षानुवर्षं राहते. दुष्काळाची सोय म्हणून तिच्यावर भिस्त होती ती ह्यामुळे. शिवाय नाचणीची साल दाण्याला इतकी घट्ट चिकटलेली आणि आतला गर इतका ठिसूळ, की ती तांदळासारखी सडताच येत नाही. कांडायला गेलं तर पीठ होतं. म्हणून परंपरेत नाचणीचा भात नाही. भाकरी, आंबील, सत्त्व, पापड, सगळं पिठाचं. (म्हैसूरच्या सीएफटीआरआयने वाफेवर दाणा कडक करून नाचणी सडायची पद्धत शोधली, पण ती अलीकडची गोष्ट.) पिठात ग्लुटेन नाही, म्हणून भाकरीला उकळतं पाणी लागतं, स्टार्च अर्धवट शिजून चिकटपणा देतो. मोड आणून सुकवलेल्या नाचणीचं सत्त्व बाळाला देतात, कारण मोड येताना तयार झालेलं अमायलेज खीर पातळ ठेवतं आणि कमी पाण्यात जास्त धान्य पोटात जातं. १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहेच, ते सगळीकडे लिहिलेलं असतं.

वरीचं उलट. तिला कडक टरफल, ते काढायलाच हवं, आणि आत चरबी नाचणीच्या दुपटीहून जास्त. सडलेली वरी लवकर खवट होते. म्हणून ती टरफलासकट साठवायची आणि लागेल तेवढीच उखळात कांडायची. हे कांडण बायकांच्या अंगावर. माझ्या मुलाखतींत वरी सोडून दिल्याची कारणं विचारली तेव्हा पुरुषांनी कलमं, डुकरं, मुंबई ही उत्तरं दिली. बायकांनी एकच सांगितलं: कांडण. रेशनचा तांदूळ तयार मिळायला लागल्यावर कोण कांडत बसेल? गॅझेटियरमध्ये क्षेत्र सापडेल, सारा सापडेल, पण मुसळ कुणाच्या हातात होतं हे सापडणार नाही. ते विचारावं लागतं.

हरकाबद्दल एक परिच्छेद तरी हवाच, कारण शोधनिबंध कसा वाचावा ह्याचं ते चांगलं उदाहरण आहे. हरीक ‘माजतो’ असं जुनी माणसं सांगतात: नवा हरीक खाल्ला की चक्कर, उलट्या, गुंगी. ब्रिटिशकालीन नोंदींतही तो मादक असल्याचं येतं, आणि गरीब लोक सवयीने पचवतात असा त्यात सूर असतो. सवयीने वगैरे काही नाही. १९८५ मध्ये राव आणि हुसेन ह्यांनी दाखवलं की, विषबाधा करणाऱ्या दाण्यात सायक्लोपायझोनिक आम्ल असतं आणि ते बुरशी तयार करते, अ‍ॅस्परजिलस कुळातली. दोष धान्याचा नाही, पावसात भिजलेल्या कणसाचा. आता ‘नवा हरीक खाऊ नये, जुना करून खावा’ हा म्हाताऱ्यांचा नियम परत वाचा. निरीक्षण अचूक होतं, कारण वेगळं होतं. लोकज्ञान खरं की खोटं अशी विभागणी करण्याआधी निरीक्षण आणि स्पष्टीकरण हे दोन वेगळे रकाने करा, एवढंच मी म्हणेन.

आता माझे तीन महिने.

सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं: वरी, म्हणजेच पॅनिकम सुमात्रेन्स. त्याआधारे नमुने गोळा केले. आंजर्ले-मुर्डी-केळशी पट्ट्यात पिकवणारं कुणी सापडेना, म्हणून ‘वरी’ आणि ‘भगर’ असं लिहिलेले बाजारातले सात नमुने घेतले आणि स्टार्चचं विश्लेषण सुरू केलं. आकडे प्रकाशित आकड्यांशी जुळेनात. मी उपकरणाला दोष दिला, मग पाण्याला, मग स्वतःला. तिसऱ्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका सिनियरने विचारलं, "दाणा उगवून पाहिलास का?" पॉलिश केलेला दाणा उगवत नाही. मग एका व्यापाऱ्याकडून त्याच मालाचं टरफलासकट बी मिळवलं, कुंड्यांत पेरलं. रोपं हातभर झाल्यावर पानाचा देठाशी जोड उलगडून पाहिला. तिथे जिव्हिका नव्हती. पॅनिकमला तिथे केसांची झालर असते. इकायनोक्लोआला काहीच नसतं. मी सुमात्रेन्स म्हणून तपासत होते ती निदान त्या मालात तरी बर्टी होती.

दोष मी व्यापाऱ्याला देत नाही. उपासाच्या बाजारात पांढरा, बारीक, गोल दाणा म्हणजे भगर. जात कुठली ह्याने गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. दोष नावावर विश्वास ठेवण्याचा. जुने ग्रंथ पाहायला लागले तेव्हा गोंधळ आणखी वाढला. काही मराठी पुस्तकांत वरी म्हणजे पॅनिकम मिलिएसियम, तिसरंच धान्य. जुन्या इंग्रजी नोंदींत पॅनिकम मिलिएर, ज्याला आज आपण सुमात्रेन्स म्हणतो. सावा हे नाव एका जिल्ह्यात एकाला, दुसऱ्यात दुसऱ्याला. म्हणजे ‘१८८० मध्ये रत्नागिरीत वरी होती’ हे वाक्य लिहिताना मला चार नावं उलगडावी लागतात: लोक काय म्हणत होते, कारकुनाने काय लिहून घेतलं, वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला काय लॅटिन नाव लावलं, आणि ते लॅटिन नाव आज कुठे गेलंय. थिओडोर कुक ह्यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (१९०१ ते १९०८) मी तेव्हापासून टेबलावरच ठेवलाय. कोल्हापूरच्या संशोधन केंद्राने तर वरीच्या एका जातीचं नाव ‘फुले एकादशी’ ठेवलंय आणि बर्टीची जात वेगळी काढलीय. निदान तिथे तरी हिशेब चोख आहे.

मी सिनॉप्सिस बदलून दिला. समितीतल्या एका सरांनी ‘इतकं साधं कसं चुकलं’ असं विचारलं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आंजर्ल्यात वरी का संपली ह्याचं उत्तर आजीच्या परसातून दिसतं. उतारभर हापूसची कलमं आहेत. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली, रोपं-खड्डे-मजुरी सरकारकडून, आणि कोकणातल्या वरकस जमिनी भराभर आंबा-काजूखाली गेल्या. शेतकऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आंब्याने घरं उभी राहिली, पोरं शिकली. त्यांतलीच एक ही पोस्ट लिहितेय. पण पड टाकण्याचं चक्र थांबलं आणि त्याबरोबर बियाणंही गेलं, कारण हे बी दुकानात मिळणारं नव्हतं. ते दरवर्षी पेरलं तरच टिकणारं होतं. नाचणीचं तसं झालं नाही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये सुरू झालं, त्यांनी नाचणीच्या दापोली १, दापोली सफेद अशा जाती दिल्या, आणि नाचणीची भाकरी हॉटेलांच्या फळ्यावरही परत आली. वरीला भाकरी नाही, त्यामुळे फळाही नाही.

गेल्या मे महिन्यात मात्र डोंगरापलीकडच्या वाडीतल्या एका काकांनी, बरेच दिवस मागे लागल्यावर, एका फडक्यात बांधलेलं मूठभर बी दिलं. म्हणाले, "बाय, ही आमची वरी. बापाची. दर सालाला दोन वाफे करतो, दुसऱ्या कशासाठी नाय, बी जाऊ नये म्हणून." जूनमध्ये मी ते आजीच्या परसात दोन ओळी पेरलं. जुलैअखेर पहिलं पान उलगडून पाहिलं तेव्हा हात थोडा थरथरत होता, उगाच कशाला लपवा. केसांची झालर होती. सप्टेंबरात कणीस आलं, सैल, एका बाजूला झुकलेलं, बर्टीसारखं गच्च नाही. नमुना दाबून हर्बेरियमला दिला, अर्धं बी काकांना परत केलं, उरलेलं दोन बाटल्यांत आहे.

आजी अजून सकाळी ओट्सच खाते, जाड पोह्यांचे. काकांची वरी शिजवून दे म्हणाली होती. मी नाही म्हटलं, पुढच्या जूनला पेरायला लागणार आहे.